बेलफास्टमध्ये मुलीचं नाव 'इरा' ठेवावं का?

कंदीपेढा:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं तीन वर्षांपासून बेलफास्टला आहोत. मी साताऱ्याची, नवरा मिरजेचा. आठवा महिना चालू आहे आणि मुलगी आहे. (इथे स्कॅनच्या वेळी विचारलं तर सांगतात. आईला फोनवर कळवलं तर ती दबक्या आवाजात म्हणाली, "अगं हळू, कुणी ऐकेल!")

नावाचं घोडं अडलंय. नवऱ्याच्या आजी मागच्या वर्षी गेल्या, त्यांचं नाव इंदिरा. त्याला आजीनेच वाढवलेलं, म्हणून त्याला तेच नाव ठेवायचं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सासूचं नाव मी तोंडाने कसं घेऊ? 'इंदिरे, पसारा आवर' असं मी म्हणायचं?" चाळीस वर्षं त्यांनी आजींना 'अहो आई' म्हटलंय. त्यांचंही बरोबरच आहे. मग नवऱ्याने तोडगा काढला. पहिलं अक्षर घ्यायचं, शेवटचं घ्यायचं, इरा. छोटं, गोड, जोडाक्षर नाही, 'ळ' नाही. सगळे खूश. सासूबाईंनी दुपट्यावर टाक्यांनी 'इरा' भरायलाही घेतलं.

गेल्या रविवारी नवरा बाळाच्या खोलीसाठी लाकडी अक्षरं घेऊन आला. इथे दुकानात सुटी मिळतात, एकेक रंगीत, वीतभर उंच. त्याने हौसेने खिडकीच्या कट्ट्यावर रस्त्याकडे तोंड करून तीन अक्षरं उभी केली. आय, आर, ए. मागे सरकून बघितलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. इथून चालत दहा मिनिटांवरच्या भिंतीवर हीच तीन अक्षरं रंगवलेली आहेत. मी पडदा ओढून घेतला.

ज्यांना संदर्भ लागला नाही त्यांच्यासाठी: आयरिश रिपब्लिकन आर्मी, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना. तिचे समर्थक मुख्यतः कॅथलिक, विरोधक प्रॉटेस्टंट. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून १९९८ च्या गुड फ्रायडे करारापर्यंत इथे जो हिंसाचार झाला, त्यात साडेतीन हजारांच्या वर माणसं गेली. त्यातली निम्म्याच्या आसपास या संघटनेच्या हातून. म्हणजे आमच्या शेजारपाजारी अशी घरं असणारच.

मी उगाच बाऊ करतेय का? इथे जन्मनोंदणीला ४२ दिवसांची मुदत असते, म्हणजे बारशानंतरही महिनाभर घोळ घालता येईल. पण मला घालायचा नाहीये.

चहाटळ_चमचा:
इरा झकास आहे. लोक काय म्हणतील याचा विचार करत बसलात तर पोरगी कॉलेजात जाईल तरी नाव ठरायचं नाही. +१.

पाटीपेन्सिल:
अभिनंदन. निवृत्त संस्कृत शिक्षक असल्यामुळे राहवत नाही. 'इरा' शब्दाचे अमरकोशात चार अर्थ दिले आहेत: भूमी, वाणी, पाणी आणि सुरा. हल्लीच्या नावांच्या पुस्तकांत पहिले तीनच छापतात, चौथा गाळतात. सुरा म्हणजे दारू. तुमच्या अँट्रिम परगण्यात बुशमिल्स नावाचं गाव व्हिस्कीसाठी प्रसिद्ध आहे म्हणतात, तेव्हा अर्थ स्थानिक हवामानाशी जुळतो. हलके घ्या.

'इरा' म्हणजे पाणी, म्हणून 'इरावती' म्हणजे पाण्याने भरलेली. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं गेलं. परमुलखात जन्मलेल्या मराठी मुलीला तिथल्याच नदीचं नाव, आणि तेही आपल्याच शब्दाचं. त्यांचे वडील हा धागा न काढता मोकळे झाले. इरावती ठेवा, घरात 'इरू' म्हणा.

कंदीपेढा:
चौथा अर्थ सासूबाईंना सांगत नाही. :) इरावती मलाही आवडलं होतं, पण नवऱ्याला वाटतं त्यात आजी राहत नाही.

मुपो_माद्रिद:
घाबरवायचं नाही, पण स्पॅनिशमध्ये 'इरा' म्हणजे क्रोध. बायबलच्या परंपरेतल्या सात महापातकांपैकी एक. मूळ लॅटिन, इटालियनमध्येही तेच.

तरी काळजी करू नका, इथे आपलं कुठलंच नाव धड राहत नाही. लता म्हणजे पत्र्याचा डबा. माला म्हणजे वाईट बाई. मोना म्हणजे माकडीण. पूजा म्हणजे लिलावातली बोली. आमच्या ऑफिसात एक पूजा आहे, खरेदी विभागात. रोज तिच्या नावाने बोली लागते आणि ती रोज हसल्यासारखं करते. सगळ्यात हाल कुणाचे, तर माझ्या दिराचे. माझा मुलगा भर बाजारात त्याला "काका! काका!" अशा हाका मारतो आणि आजूबाजूच्या आया लगबगीने पिशवीतून ओले रुमाल काढतात. काका म्हणजे इथे लहान मुलाची शी.

चहाटळ_चमचा:
"काका मला वाचवा" हे तिथे कोण कशाला म्हणेल याचा विचार करतोय.

व्होल्गाकाठचा_डॉक्टर:
मी रशियात एमबीबीएस केलं. आमच्या होस्टेलच्या मुख्य बाईंचं नाव इरा. तिकडे इरिनाला लाडाने इरा म्हणतात, आणि इरिना आलं ग्रीकमधून, अर्थ शांती. शांतता त्या बाईंच्या आसपास कधी फिरकली नाही ही गोष्ट वेगळी.

म्हणजे बघा, तीच दोन अक्षरं: रशियात शांती, स्पेनमध्ये राग.

जाता जाता सांगतो, आमच्या बॅचला नागपूरची एक निकिता होती. रशियात निकिता हे अस्सल पुरुषी नाव, सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह आठवा. पहिल्या वर्षी खोल्यांची यादी लागली तेव्हा तिचं नाव मुलांच्या मजल्यावर. ती ट्रंक घेऊन आमच्या खोलीच्या दारात, आणि आम्ही चौघं बनियनवर.

ओसाकावाली:
रागावरून आठवलं. जपानीत 'इराइरा' म्हणजे चिडचिड. मुलीला दोनदा हाक मारू नका, एवढीच काळजी घ्या.

इथे उमा म्हणजे घोडा, आशी म्हणजे पाय, आणि ईशा म्हणजे चक्क डॉक्टर. माझ्या भाचीचं नाव ईशा. ती सुट्टीत आली होती तेव्हा मी शेजारच्या काकूंना सांगितलं, ही ईशा. त्यांनी अदबीने वाकून नमस्कार केला आणि गुडघा दुखतो म्हणाल्या. भाची नववीत.

खडीसाखर:
मी न्यू जर्सीहून. माझ्या मुलीचं नाव इराच आहे, आता नऊ वर्षांची आहे. तेव्हा हा अनुभव घ्या.

पहिलं म्हणजे कुणीही 'इरा' म्हणत नाही. लिहिलेलं बघतात आणि 'आयरा' म्हणतात. दुसरं म्हणजे आयरा हे इकडे पुरुषाचं नाव आहे, तेही आजोबांच्या पिढीतल्या. गीतकार आयरा गर्श्विन त्यातलेच. बालवाडीत नाव घातलं तेव्हा शाळेतून आलेल्या इंग्रजी पत्रात माझी लेक 'ही', म्हणजे 'तो', होती आणि तिचं खोकं मुलांच्या रांगेत होतं. तिसरं, इथे आय-आर-ए नावाचं निवृत्तीचं खातं असतं. त्यामुळे मोठी माणसं तिला भेटली की हमखास विचारतात, "अरे वा, तुझ्यात किती पैसे साठले?" मुलीला आता पाठ झालंय. ती म्हणते, "कंपाउंडिंग चालू आहे."

पण एक सांगू? तिला तिचं नाव फार आवडतं. उच्चार दुरुस्त करायला तिला पाच सेकंदं लागतात. मला मात्र त्या पाच सेकंदांचा दरवेळी त्रास होतो.

एक_स्पष्टवक्ता:
परदेशी जायचं, तिथली नाणी मोजायची आणि मग आपल्याच नावांची लाज वाटायची. इतका त्रास होत असेल तर साताऱ्यात या, इथे इरा ठेवा नाहीतर पिरा ठेवा, कुणी विचारणार नाही.

कंदीपेढा:
साताऱ्यात कुणी विचारणार नाही हे वाचून हसू आलं. साताऱ्यात मी नुसतं नाव सांगितलं की समोरचा म्हणतो, "पूर्ण नाव?" ते कशासाठी विचारतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

दवाखाना_बंद:
धागा उशिरा दिसला. मी १९९९ पासून उत्तर आयर्लंडमध्ये आहे, डॉक्टर होतो, आता निवृत्त. कंदीपेढा यांचा वरचा प्रतिसाद वाचून लिहायला बसलो, कारण 'पूर्ण नाव?' हाच इथला खेळ आहे, फक्त उलटा.

आपल्याकडे आडनावावरून माणूस ओळखतात. इथे पहिल्या नावावरून. शॉन, शिव्हॉन, पॅट्रिक म्हटलं की कॅथलिक घर. विल्यम, बिली, सॅमी म्हटलं की बहुधा प्रॉटेस्टंट. नावावरून कळलं नाही तर शाळा विचारतात. शाळेवरूनही कळलं नाही तर बाराखडीवर येतात. इंग्रजी 'एच' या अक्षराला जो 'हेच' म्हणतो तो कॅथलिक, 'एच' म्हणतो तो प्रॉटेस्टंट. नवीन होतो तेव्हा माझी एक पेशंट, ऐंशीच्या घरातली म्हातारी, मी तिच्या कागदावर लिहिताना अक्षरं मोठ्याने म्हणत होतो, त्यात 'एच' ऐकून खुशीत म्हणाली, "आपल्यातला दिसतोस." आमच्या वेळचा एक विनोदही होता. तू हिंदू ते ठीक, पण कॅथलिक हिंदू की प्रॉटेस्टंट हिंदू?

आता तुमचा मुद्दा. 'इरा' कानाला काहीच वाटत नाही. ती संघटना 'आय-आर-ए' अशी एकेक अक्षर सुटं म्हणतात, 'इरा' असं कुणी म्हणत नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, कॅपिटल अक्षरं. आणि या देशातले सगळे फॉर्म कॅपिटलमध्येच भरायचे असतात. शाळेच्या कोटाचं लेबल, दप्तर, डब्याचं झाकण, खुंटीवरची पट्टी, सगळीकडे. दुसरी अडचण तुमच्या लक्षात आली नसेल. इथल्या बोलीत त्या संघटनेला नुसतं 'रा' म्हणतात. 'अप द रा' ही तिच्या समर्थकांची घोषणा. २०२२ मध्ये आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघाने जिंकल्याच्या आनंदात ड्रेसिंग रूममध्ये या घोषणेचं गाणं म्हटलं आणि जाहीर माफी मागायची वेळ आली. आता बागेत घसरगुंडीच्या पायऱ्या चढणाऱ्या लेकीला तुम्ही खालून म्हणणार, "अप, इरा, अप!" शँकिल रोडच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट वस्तीतल्या बागेत हे म्हणून बघू नका. फॉल्स रोडच्या, म्हणजे कॅथलिक वस्तीतल्या बागेत म्हणालात तर कुणीतरी टाळ्या वाजवेल, तेही नको.

कुणी तुम्हाला तोंडावर काही बोलणार नाही. लोक इथले सभ्य आणि मायाळू आहेत. ते नाव वाचतील, क्षणभर थांबतील आणि "किती सुंदर" म्हणतील. प्रश्न त्या क्षणभराचा आहे. माझ्या पेशंटमध्ये दोन्हीकडची घरं होती, फडताळावर तरुण मुलाचा जुना फोटो आणि पुढे मेणबत्ती असलेली. त्या बाईने तुमच्या मुलीच्या वाढदिवसाच्या केकवर ती तीन अक्षरं बघावीत असं मला वाटत नाही. हे माझं मत. निर्णय तुमचा.

कंदीपेढा:
डॉक्टरकाका, घसरगुंडीचं वाचून नवरा पाच मिनिटं हसत होता आणि मग एकदम गप्प झाला. केकचं मी त्याला वाचून दाखवलं नाही, त्याने स्वतःच वाचलं.

(मुपो_माद्रिद, तुमच्याकडे 'डॉक्टरकाका' कसं ऐकू येईल कल्पना आहे!)

श्टुटगार्टकर:
जर्मनीतला अनुभव लिहितो. इथे नाव ठेवायला नोंदणी कार्यालयाची संमती लागते. सगळ्यात गाजलेलं प्रकरण आपल्याच नावाचं आहे: किरण. भारतीय मूळ असलेल्या एका कुटुंबाला मुलीचं नाव किरण ठेवायचं होतं. कार्यालय म्हणालं, यावरून मुलगा की मुलगी कळत नाही, जोडीला स्पष्ट मुलीचं दुसरं नाव द्या. आईबाप थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये निकाल लागला की नावावरून लिंग कळलंच पाहिजे अशी अट कायद्यात नाही. किरण बेदी आणि किरण मोरे दोघंही एकाच देशात सुखाने नांदतात हे जर्मनांना समजायला न्यायालय लागलं.

आमचं स्वतःचं मात्र वेगळंच झालं. मुलाचं नाव 'आर्यन' ठरवलं होतं. पुण्याहून आईने पत्रिका बघून अक्षर काढलेलं. मी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितलं. तो चाळिशीचा, अगदी साधा माणूस. त्याचा चहाचा कप ओठांपाशी तसाच राहिला. मग म्हणाला, "आमच्या घरी पणजोबांचा एक दाखला आहे. ते आर्य आहेत असं त्यात लिहिलंय. आम्ही तो कुणाला दाखवत नाही." नाझी काळात सरकारी नोकरीसाठी असे दाखले काढावे लागत. मी त्याला संस्कृत अर्थ सांगणार होतो, आर्य म्हणजे सुसंस्कृत वगैरे. नाही सांगितला. आपला अर्थ तीन हजार वर्षं जुना असेल, त्याचा पणजोबांइतका जवळ आहे.

मुलाचं नाव निहार ठेवलं.

पाटीपेन्सिल:
श्टुटगार्टकर, वर इरावतीबाईंचं नाव काढलंच आहे तर सांगतो, त्या १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनमध्येच डॉक्टरेट करत होत्या. मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्व मानणारे, आणि कवट्यांची मापं घेऊन बाईंनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या गृहीतकाच्या विरुद्ध. शब्द आपला, पण त्याचं तिकडे काय चाललंय ते एका मराठी मुलीने जवळून पाहिलं होतं.

वराडचो_झील:
आयर्लंडाचो इषय निघालो आनि आमचा नाव नाय? लिओ वराडकर आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचो. बापूस मुंबयसून डॉक्टर होवन गेलो, आवस आयरिश, आनि झील २०१७ साली थंयचो पंतप्रधान.

आता नीट मराठीत सांगतो. बघा त्यांनी काय केलं. पुढचं नाव लिओ, कुणाच्याही तोंडात बसेल असं. आणि आडनाव गावाचं, तसंच ठेवलं. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला येऊन गेले तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं. लिओ ठेवलं म्हणून आमच्या गावाने काय त्यांना परकं मानलं नाही.

आयर्लंडमध्ये चालणारी आपली नावंही आहेत की. तारा ठेवा. मीथ परगण्यात तारा नावाची टेकडी आहे, जुन्या आयरिश राजांची जागा. मुलींचं तारा नाव तिथे सर्रास. शीला पण चालेल, त्यांच्यात शीलाच म्हणतात. किरण मात्र नको, तिकडे किरन म्हणजे पुरुष.

मुपो_माद्रिद:
तारा म्हणजे स्पॅनिशमध्ये मालातला दोष. सॉरी, राहवलं नाही.

खडीसाखर:
ताई, तुम्ही या धाग्यावरून आता रजा घ्या. :D

नवगावचा:
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ अलिबागजवळचे, आता इस्राएलमधल्या अश्दोदला असतो. आमच्या घरात नावांचं हे दुहेरी काम पिढ्यान् पिढ्या चाललंय, फक्त उलट्या दिशेने. कोकणात आमच्या पूर्वजांनी शमुवेलचं सामाजी केलं, यहेज्केलचं हसाजी केलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये ज्यांनी बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल. 'जी' लावलं की नाव कोकणातल्या आळीत बसलं, आणि सिनेगॉगमध्ये पुन्हा मूळ नाव. कुणाला त्यात फसवणूक वाटली नाही. दोन पायताणं असतात तसं, एक घरातलं, एक बाहेरचं.

इरा आमच्या बायबलमध्येही आहे, दावीद राजाच्या शूरवीरांच्या यादीत. मिशीवाला गडी असणार.

वाळवंटातली_जाई:
मस्कतला पंचवीस वर्षं काढली. माझ्या सासऱ्यांच्या आईचं नाव कमल. इकडे कमाल हे पुरुषाचं नाव, आणि इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच होतं. व्हिसाच्या खिडकीवर "कमाल कुठे आहे?" विचारलं, तर नऊवारीतल्या आजी पुढे झाल्या. त्या माणसाने कागद बघितला, आजींकडे बघितलं, शिक्का मारला.

आईचं नाव कुसुम. त्याचा पहिला अर्धा भाग अरबीत उच्चारायचा नसतो, याहून जास्त सांगत नाही. ती आली की आम्ही तिला तीन महिने नुसतं 'आई' म्हणतो.

समीर ठेवा, दोन्हीकडे चालतं. आपल्याकडे वारा, त्यांच्याकडे रात्री गप्पा मारायला बसणारा सोबती. पण तुम्हाला मुलगी आहे, म्हणजे उपयोग नाही.

अर्धीभाकरी:
सगळे इरामागे लागलेत. मूळ नाव इंदिरा का नको? बेलफास्टमध्ये इंदिराला कुणाची हरकत असणार?

फक्त एक सांगते. आमच्या घरी हे नाव चालत नाही. बाबा आणीबाणीत येरवड्याला होते. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव आजोळी इंदिरा ठरलं होतं, बाबांनी तुरुंगातून पोस्टकार्ड पाठवलं, दुसरं ठेवा. म्हणजे भिंतीवर लिहिलेली अक्षरं काही फक्त बेलफास्टातच नसतात. आता बाबा नाहीत. मला स्वतःला इंदिरा हे नाव सुंदर वाटतं, लक्ष्मीचं नाव आहे. बाबांसमोर म्हणाले नसते.

कंदीपेढा:
मिरजेच्या आजींचा जन्म कुणी इंदिरा पंतप्रधान होईल हे स्वप्नातही नव्हतं तेव्हाचा. पण तुम्ही म्हणता ते पोचलं.

इंदिराला बेलफास्टची हरकत नाही, सासूबाईंची आहे. गाडी तिथेच येऊन थांबते. बघू. बाळ आलं की ठरवू.

(दीड महिन्याने)

कंदीपेढा:
मंडळी, बाळ आलं! दोघी ठीक आहोत. इतके दिवस रात्रीचे तीन आणि पहाटेचे पाच यांच्या मधे कुठेतरी राहत होते, म्हणून उशीर.

काय झालं ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी सुईणबाई पाळण्याच्या डोक्याशी लावायचं कार्ड घेऊन आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, हात ऊबदार. "नाव ठरलंय?" मी अर्धवट झोपेत म्हटलं, "इरा." पेन कार्डावर टेकलं आणि थांबलं. डॉक्टरकाका, तुम्ही म्हणालात तोच क्षणभर. मग त्यांनी काही न बोलता लिहिलं, छोट्या लिपीत, सुरुवातीला दोन ई घालून. वर म्हणाल्या, "असं लिहिलं तर लोक उच्चार बरोबर करतील." उच्चाराचं कारण सांगितलं त्यांनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्या दिवशीचं रडू म्हणतात ते एक दिवस आधीच आलं बहुतेक.

घरी आल्यावर नवरा एकटाच बाहेर गेला आणि आणखी तीन लाकडी अक्षरं घेऊन आला. एन, डी, आय. कट्ट्यावरच्या आय आणि आर यांच्या मधे ती उभी केली. झालं इंदिरा. पडदा आता उघडा असतो.

बाराव्या दिवशी बारसं केलं, पाळण्याच्या जागी मोझेस बास्केट. आत्या ठाण्याहून व्हिडिओ कॉलवर. 'कुर्रर्र' करताना नेट अडकलं आणि बाळाच्या कानात नुसतंच 'कु' गेलं, ते तिने परत केलं. सासूबाई मिरजेहून बघत होत्या, नाव ऐकून पदर तोंडाला लावला, बोलल्या काही नाहीत. दुपटं आधीच आलं होतं. त्यावर 'इरा'च आहे, पण देवनागरीत. इथे ते वाचणारे आम्ही दोघंच, त्यामुळे बाळ त्यातच गुंडाळलेलं असतं.

नोंदणी पस्तिसाव्या दिवशी झाली. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "मिसेस गांधींवरून का?" मी म्हटलं, "नाही, मिरजेच्या आजींवरून." त्यांनी मिरजचं स्पेलिंग विचारलं, त्याची गरज नव्हती.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. तो आमच्या शेजारणीने सोडवला. ती पहिल्याच दिवशी सूप घेऊन आली, बाळाचं नाव ऐकलं आणि म्हणाली, "ओह, वी इंडी!" 'वी' म्हणजे इथल्या बोलीत चिमुकली, सगळ्याच गोष्टी इथे वी असतात. आता अख्खी गल्ली तिला इंडी म्हणते. सासूबाईंनी फोनवर ते ऐकलं आणि त्यांचा चेहराच खुलला. "हे बरंय. हे काही माझ्या सासूचं नाव नाही." काल पहिल्यांदा नातीला रागावल्या: "इंडे, झोप की गं!"

दवाखाना_बंद:
मनापासून अभिनंदन. त्या सुईणबाई कुठल्या बाजूच्या होत्या हे मला विचारावंसं वाटलं, म्हणजे मीही आता इथलाच झालो. सांगू नका.

खडीसाखर:
दोन ई! हे मला नऊ वर्षांपूर्वी कुणी का नाही सांगितलं!

सोलापुरी_चादर:
अभिनंदन ताई. सगळा धागा आजच वाचला. खूप विचार करून नाव ठेवलंत. एकच सांगायचं राहिलं, आमच्या सोलापूर-विजापूर मार्गावर 'इंडी रोड' नावाचं स्टेशन आहे. इंडीची लिंबं प्रसिद्ध आहेत. मिरजेच्या बाजारातही येत असतील, सासूबाईंना विचारा.

कंदीपेढा:
विचारलं. म्हणाल्या, "हो मग, पातळ सालीची. लोणच्याला चांगली."